वाचक विचारतात: बिस्मथ सेलेनाइड आतून काय, बाहेरून काय

मागच्या अंकात बिस्मथ सेलेनाइडवर एक छोटी चौकट छापली होती. आतून वीज अडवतो आणि पृष्ठभागावरून वाहू देतो असा पदार्थ, एवढंच त्यात होतं. त्यावर बरेच प्रश्न आलेत, काही शाळकरी मुलांचे, काही एमएस्सीवाल्यांचे, आणि एक-दोन अगदी भांडायच्या तयारीत लिहिलेले. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलेले थोडे कापलेत.

प्रश्न: आतून इन्सुलेटर आणि बाहेरून कंडक्टर म्हणजे वर धातूचा लेप दिलेला असतो का? की हवा लागून वरचा भाग बदलतो?

लेप नाही आणि गंजही नाही. हा क्रिस्टल मधोमध तोडला तर जो नवा पृष्ठभाग उघडा पडतो ना, तोही वीज वाहून न्यायला लागतो, परत तोडा, परत तेच. म्हणजे हा गुण पृष्ठभागावर बाहेरून आलेला नाहीये, आतला माल असा आहे की त्याच्या हद्दीवर असं काहीतरी व्हावंच लागतं.

आतला माल कसा आहे ते आधी बघू. दोन बिस्मथला तीन सेलेनियम असं प्रमाण, रंग राखाडी, धातूसारखी चकाकी, बऱ्यापैकी मऊ, वितळतो ७०० अंश सेल्सिअसच्या थोडं वर. अणू थरांनी बसलेत आणि प्रत्येक थर पाच पदरी असतो: सेलेनियम, बिस्मथ, सेलेनियम, बिस्मथ, सेलेनियम. अशा एका थराची जाडी जेमतेम १ नॅनोमीटर. हे पाच पदर एकमेकांना घट्ट धरून असतात, पण एक पाचपदरी थर संपून दुसरा सुरू होतो तिथे सेलेनियमसमोर सेलेनियमच येतो आणि पकड एकदम ढिली, व्हॅन डर वाल्स प्रकारची, म्हणून साध्या चिकटपट्टीने सुद्धा याचे पापुद्रे निघतात आणि खालून स्वच्छ सपाट पृष्ठभाग मिळतो. पृष्ठभागाचाच अभ्यास करायचा असेल तर यापेक्षा सोयीचं काय हवं, लॅबवाल्यांना हा पदार्थ एवढा आवडण्यामागे अर्धं कारण हेच आहे असं मला वाटतं.

आता बँडकडे, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या पट्ट्यांकडे येऊ. कुठल्याही इन्सुलेटर किंवा सेमीकंडक्टरमध्ये इलेक्ट्रॉनने भरलेल्या लेव्हल्स खाली असतात, रिकाम्या वर, आणि मध्ये गॅप, म्हणजे जिथे इलेक्ट्रॉनला जागाच नाही अशी ऊर्जेची फट. बिस्मथ सेलेनाइडमध्ये ही गॅप साधारण ०.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचं छोटं एकक) आहे, सिलिकॉनमध्ये १.१. पण फरक नुसता आकड्याचा नाही. बिस्मथचा अणुक्रमांक ८३, एवढ्या जड केंद्रकाजवळून जाताना इलेक्ट्रॉनचा वेग प्रचंड वाढतो आणि त्याचा स्पिन (इलेक्ट्रॉनचा अंगभूत चुंबकीय कल) आणि त्याचं केंद्रकाभोवतीचं फिरणं एकमेकांत अडकतात, याला स्पिन-ऑर्बिट कपलिंग म्हणतात, आणि इथे ते इतकं जोरदार आहे की गॅपच्या दोन बाजूंच्या लेव्हल्सची अदलाबदल होते, म्हणजे बिस्मथची जी लेव्हल वर असायची ती खाली जाते आणि सेलेनियमची खालची वर येते. बाहेर, हवेत किंवा व्हॅक्युममध्ये, क्रम सरळच. मग आत उलटा आणि बाहेर सरळ असेल तर हद्दीवर कुठेतरी त्या लेव्हल्सना एकमेकींना ओलांडावंच लागणार, आणि ओलांडायचं म्हणजे तिथे गॅप शून्य. गॅप शून्य झाली की वीज वाहायला वाट मिळाली. अशा पदार्थांना टोपोलॉजिकल इन्सुलेटर म्हणतात.

प्रश्न: आवर्तसारणीत अँटिमनी बिस्मथच्या बरोबर वर आहे. मग अँटिमनी सेलेनाइडही असंच वागत असेल ना?

नाही वागत, आणि प्रश्न एकदम नेमका आहे. २००९ मध्ये ज्या गणितातून बिस्मथ सेलेनाइडचं भाकीत झालं त्याच गणितात चार भावंडं एकत्र तपासली होती: बिस्मथ सेलेनाइड, बिस्मथ टेल्युराइड, अँटिमनी टेल्युराइड आणि अँटिमनी सेलेनाइड. पहिली तीन टोपोलॉजिकल निघाली, चौथं नाही. अँटिमनीही हलका आणि सेलेनियमही हलका, त्यामुळे स्पिन-ऑर्बिटचा जोर अदलाबदल करण्याइतका पुरत नाही. (शिवाय प्रत्यक्षात अँटिमनी सेलेनाइडची रचनाच वेगळी असते, त्यावर लोक सोलर सेलसाठी काम करतात, तो वेगळा विषय.)

याची अजून एक पडताळणी आहे जी मला जास्त आवडते. बिस्मथ सेलेनाइडमधला थोडा थोडा बिस्मथ काढून तिथे हलका इंडियम घालत गेलं तर काही टक्क्यांतच तो पृष्ठभागाचा खेळ बंद पडतो आणि अजून इंडियम घातला की साधा इन्सुलेटर उरतो. तेच थर, तीच भट्टी, फक्त अणू हलका केला.

प्रश्न: २०१६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल याच पदार्थाला मिळालं ना?

याला नाही. ते थाउलेस, हाल्डेन आणि कोस्टरलिट्झ यांना मिळालं, टोपोलॉजी (ओढून-ताणून न बदलणाऱ्या आकारगुणांचं गणित) वापरून पदार्थांच्या अवस्था समजून घेण्याच्या थिअरीसाठी, आणि ते मूळ काम १९७० आणि १९८० च्या दशकांतलं. बिस्मथ सेलेनाइड त्या झाडाची बरीच नंतरची फांदी. क्रम असा: २००५ मध्ये केन आणि मेले यांनी नवीन प्रकारच्या टोपोलॉजिकल इन्सुलेटरची कल्पना मांडली, २००७ मध्ये जर्मनीत वुर्झबुर्गला पारा-टेल्युरियमच्या पातळ थरात ती खरी ठरली पण अगदी कमी तापमानाला, २००८ मध्ये प्रिन्स्टनला झहीद हसन यांच्या गटाने बिस्मथ-अँटिमनीच्या मिश्रधातूत तिचं त्रिमितीय रूप पाहिलं. फक्त त्या मिश्रधातूची गॅप चिमुकली आणि पृष्ठभागाचे बँड इतके गुंतागुंतीचे की शिकवताना फळा पुरत नाही.

२००९ मध्ये बिस्मथ सेलेनाइड आलं. भाकीत शौचेंग झांग आणि सहकाऱ्यांचं, प्रयोग हसन यांच्या गटाचा, दोन्ही त्याच वर्षी. प्रयोगात क्रिस्टलवर प्रकाश टाकून बाहेर उडालेले इलेक्ट्रॉन कुठल्या कोनात किती ऊर्जेने येतात ते मोजतात, आणि चित्रात स्वच्छ एकच डिरॅक शंकू दिसला, म्हणजे पृष्ठभागाचे वरचे-खालचे बँड एका बिंदूत भेटतात तो आकार, इंग्रजी एक्स अक्षरासारखी फुली. गॅप ०.३, खोलीच्या तापमानाची ऊर्जा साधारण ०.०२५, म्हणजे बारापट, त्यामुळे निदान कागदावर तरी हा परिणाम खोलीच्या तापमानालाही टिकायला हवा. सगळ्यांनी उड्या मारल्या त्या यामुळे.

प्रश्न: पृष्ठभागावर विजेला अजिबात अडथळा होत नाही असं एका व्हिडिओत ऐकलं. मग हा सुपरकंडक्टरच झाला की!

व्हिडिओवाल्याने जरा जास्तच ताणलंय. अडथळा होतो.

पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनचा स्पिन त्याच्या धावण्याच्या दिशेला बांधलेला असतो. उजवीकडे जाणाऱ्याचा स्पिन एका बाजूला, डावीकडे जाणाऱ्याचा बरोबर उलट्या बाजूला. आता वाटेत एखादा दोष किंवा परका अणू आला आणि इलेक्ट्रॉनला सरळ मागे फिरायचं असेल तर स्पिनही उलटा करावा लागेल, आणि साध्या, म्हणजे मॅग्नेटिक नसलेल्या अशुद्धीला स्पिन उलटवता येत नाही. म्हणून नेमकं १८० अंशात मागे फिरणं बंद. पण पृष्ठभाग ही दोन मितींची जागा आहे, तिथे इलेक्ट्रॉन ३० अंशात वळू शकतो, ९० अंशात वळू शकतो, १५० अंशातही वळू शकतो, त्याला बंदी नाही, फक्त कोन १८० च्या जवळ जातो तशी शक्यता कमी होत जाते. म्हणजे रेझिस्टन्स आहेच, नेहमीपेक्षा थोडा सभ्य एवढंच. मागे फिरायची पूर्ण बंदी उपयोगी पडते ती दोन मितींच्या टोपोलॉजिकल इन्सुलेटरच्या कडेवर, कारण तिथे पुढे आणि मागे सोडून तिसरी दिशाच नसते. व्हिडिओमध्ये या दोन गोष्टींची खिचडी झालेली असणार, बऱ्याच ठिकाणी होते.

आणि "अशुद्धीने ही अवस्था पुसली जात नाही" याचा अर्थही नीट घ्या. दोरीला गाठ मारून दोन्ही टोकं बांधून टाकली तर दोरी कितीही हलवा, मळवा, गाठ जागा बदलेल पण सुटणार नाही, तसंच हे आहे, पृष्ठभाग खराब झाला तर ती अवस्था थोडी खाली सरकते पण नाहीशी होत नाही, कारण ती आतल्या उलट्या क्रमामुळे आहे. मात्र लोखंड किंवा क्रोमियमसारखे मॅग्नेटिक अणू घातले तर नियमच बदलतो, फुलीच्या मध्यभागी गॅप पडू शकते. २०१३ मध्ये बीजिंगला याच कुटुंबातल्या बिस्मथ-अँटिमनी टेल्युराइडमध्ये क्रोमियम घालून शुए चीकुन यांच्या गटाने बाहेरच्या चुंबकाशिवाय क्वांटम हॉल परिणाम (करंटला आडव्या दिशेतला रेझिस्टन्स ठरावीक किमतींवरच थांबतो तो) दाखवला, तो असाच गाठ मुद्दाम कापून. तापमान मात्र ०.०३ केल्विन लागलं.

प्रश्न: शोध लागून एवढी वर्षं झाली. एवढा भारी पदार्थ आहे तर मग तो मोबाइलमध्ये, कॉम्प्युटरमध्ये कुठेच का नाही?

या प्रश्नाला सगळ्यात जास्त जागा देतोय, कारण माझ्या मते बिस्मथ सेलेनाइडबद्दल खरी सांगण्यासारखी गोष्ट हीच आहे आणि लोकप्रिय लेखांत हीच गाळली जाते. आतून इन्सुलेटर म्हणून जो पदार्थ जगभर गाजला तो प्रत्यक्षात बनवला की आतून इन्सुलेटर नसतोच. चांगला धातूसारखा वाहतो.

कारण सेलेनियम. तो जरा उडून जाणारा गडी आहे, उकळतो ६८५ अंशांना, आणि क्रिस्टल बनतो त्याच्याही वरच्या तापमानाला. त्यामुळे कितीही काळजी घ्या, क्रिस्टलमध्ये काही जागा सेलेनियमशिवाय रिकाम्या राहतात. प्रत्येक रिकाम्या जागेपाशी दोन इलेक्ट्रॉन मोकळे सुटतात आणि ते थेट वरच्या बँडमध्ये जाऊन बसतात. साधारण क्रिस्टलमध्ये असे मोकळे इलेक्ट्रॉन एका घन सेंटिमीटरमध्ये १ वर १९ शून्यं इतके सापडतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण हिशोब करून बघा, एवढ्यासाठी दर ४ हजार सेलेनियम अणूंमागे फक्त एक गायब असला तरी पुरतो. म्हणजे ९९.९७ टक्के शुद्ध रचना असूनही आपलं काम बिघडलेलंच.

किती बिघडलं ते मोजू. पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन एका चौरस सेंटिमीटरवर फार तर १ वर १३ शून्यं. क्रिस्टल ०.१ मिलिमीटर जाड असेल तर त्याच चौरस सेंटिमीटरखाली आतले इलेक्ट्रॉन १ वर १७ शून्यं. म्हणजे पृष्ठभागाच्या एकामागे आतले दहा हजार. तुम्ही दोन तारा लावून करंट सोडला तर तो जवळपास सगळा आतूनच जाणार आणि मीटरवर जे दिसेल त्यात टोपोलॉजीचा वाटा शोधायला भिंग लागेल. आर्पेस नावाच्या त्या प्रकाशाच्या प्रयोगात फुली इतकी सुंदर दिसली कारण तो प्रयोग फक्त वरचे काही अणूथर बघतो, आत काय गोंधळ आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. विजेच्या मोजणीला मात्र आतल्या सगळ्याशी देणंघेणं असतं. म्हणून २००९ नंतरची कितीतरी वर्षं या क्षेत्रातल्या लोकांनी नवीन काही शोधण्यापेक्षा आतला करंट बंद करण्यात घालवली, हे कुणी सांगत नाही.

उपाय काय काय केले? एक, कॅल्शियम. बिस्मथच्या जागी थोडा कॅल्शियम बसवला की तो इलेक्ट्रॉन खाऊन टाकतो आणि हिशोब जुळवता येतो, प्रिन्स्टनच्या लोकांनी २००९ मध्येच हे केलं, पण जास्तीचे इलेक्ट्रॉन आणि ते खाणारे अणू दोन्ही ठेवून बेरीज शून्य आणायची म्हणजे क्रिस्टलमध्ये कचरा दुप्पट. दोन, सेलेनियमचे काही मजले टेल्युरियमला देऊन टाकायचे. बिस्मथ, दोन टेल्युरियम आणि एक सेलेनियम अशा रचनेत सेलेनियम पाच पदरांच्या मधोमध बसतो, दोन्हीकडून बिस्मथने धरलेला, तिथून त्याला निसटणं अवघड जातं, आणि जपानमध्ये आंदो यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं की यात आतला रेझिस्टन्स खूपच वाढतो. मला ही युक्ती सगळ्यात हुशार वाटते, कारण यात दोष लपवलेला नाही, दोष होण्याची जागाच कमी केली.

तिसरा उपाय म्हणजे जाडीच कमी करायची. वरचाच हिशोब १० नॅनोमीटर जाडीला लावा, आतले इलेक्ट्रॉन १ वर १३ शून्यांवर येतात, म्हणजे पृष्ठभागाच्या बरोबरीला. म्हणून थिन फिल्म. पण इथेही एक पेच आहे: फार पातळ केलं तर वरचा आणि खालचा पृष्ठभाग एकमेकांना जाणवायला लागतात आणि त्यांच्यात गॅप पडते. २०१० मधल्या प्रयोगात हे सहा पाचपदरी थरांच्या खाली, म्हणजे साधारण ६ नॅनोमीटरच्या आत होताना दिसलं. जाड केलं तर आतला करंट, पातळ केलं तर पृष्ठभागच बिघडतो, मधला पट्टा अरुंद. अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात २०१५ मध्ये फिल्मखाली त्याच कुटुंबातला इंडियमवाला इन्सुलेटर थर अंथरून त्यावर बिस्मथ सेलेनाइड वाढवलं, तेव्हा दोष इतके कमी झाले की शुद्ध बिस्मथ सेलेनाइडच्या फिल्ममध्ये क्वांटम हॉल परिणाम दिसला. गंमत म्हणजे बरेच दोष खालच्या जोडाच्या जागीच तयार होत होते.

उपयोगाच्या दृष्टीने सध्या सगळ्यात आशेची जागा मेमरीची आहे. करंट सोडला की पृष्ठभागावर स्पिन एका दिशेला आपोआप रांगेत येतात आणि शेजारच्या चुंबकीय थराला पीळ देतात, २०१४ मध्ये कॉर्नेल आणि पेन स्टेटच्या लोकांनी बिस्मथ सेलेनाइडवर हा पीळ मोजला आणि तो जड धातूंपेक्षा बराच जास्त निघाला. यात आतला करंट पूर्ण बंद व्हायलाच पाहिजे अशी अट नाही, म्हणून मला ही वाट जास्त व्यवहारी वाटते.

प्रश्न: हात लावला तर विषारी आहे का? आणि बिस्मथ रेडिओअॅक्टिव्ह असतो म्हणे?

रेडिओअॅक्टिव्ह म्हणाल तर आहे, पण घाबरू नका. २००३ मध्ये फ्रान्समध्ये मोजलं गेलं की बिस्मथ-२०९ ची हाफ-लाइफ सुमारे २ वर १९ शून्यं वर्षं, आणि विश्वाचं वय १४ अब्जांच्या आत आहे. म्हणजे व्यवहारात नाहीच.

विषाचा प्रश्न सेलेनियमचा आहे. शरीराला तो लागतो पण मोठ्या माणसाला दिवसाला ५५ मायक्रोग्रॅमच्या आसपास, आणि ४०० च्या वर रोज गेला तर त्रास. अख्ख्या क्रिस्टलला ग्लोव्ह्ज घालून हात लावला तर काही होत नाही. बारीक पूड श्वासात जाऊ देऊ नका, उघड्यावर तापवू नका कारण सेलेनियमचा ऑक्साइड उडतो, आणि अॅसिडच्या जवळ तर अजिबात नेऊ नका, त्यातून हायड्रोजन सेलेनाइड निघू शकतो आणि तो वायू खरोखर घातक आहे. एका विद्यार्थ्याने "घरी बनवता येईल का" असं विचारलंय, त्यालाही हेच उत्तर. नाही. हे काम हवा काढून सील केलेल्या क्वार्ट्झच्या नळीत, ८०० अंशांच्या वर वितळवून, मग कितीतरी दिवस हळूहळू थंड करून करतात, आणि नळीत सेलेनियमच्या वाफेचा दाब वाढून ती फुटू शकते.

प्रश्न: पेल्टिए कूलरमध्ये हाच पदार्थ असतो ना?

त्याचा भाऊ असतो, बिस्मथ टेल्युराइड. एक टोक गरम आणि एक गार ठेवलं की व्होल्टेज तयार होतं हे झेबेकने १८२१ मध्ये पाहिलं, आणि करंट सोडला की एक बाजू गार होते हे पेल्टिएने १८३४ मध्ये, पण कामाचा पदार्थ मिळायला १९५४ उजाडलं, तेव्हा गोल्डस्मिड यांनी बिस्मथ टेल्युराइड वापरून दाखवलं. आजच्या कूलरमध्ये जो इलेक्ट्रॉन वाहणारा पाय असतो त्यात टेल्युराइडमध्ये थोडं सेलेनाइड मिसळलेलं असतं, साधारण २.७ भाग टेल्युरियमला ०.३ भाग सेलेनियम. मिसळल्याने अणूंची रांग विस्कटते, उष्णता वाहून नेणारी कंपनं अडखळतात, वीज मात्र फारशी अडखळत नाही. म्हणजे घरबसल्या आपण बिस्मथ सेलेनाइड थोडंफार वापरतोच आहोत. नुसतं सेलेनाइड मात्र या कामात टेल्युराइडपेक्षा मागे पडतं.

आणि बघा, ज्या मोकळ्या इलेक्ट्रॉनमुळे टोपोलॉजीवाले रडतात ते इथे हवेच असतात. जड अणू, लहान गॅप, ढिले थर, हीच गुणांची यादी दोन्ही धंद्यांना चालते, फक्त दोषाकडे बघायची नजर वेगळी.

प्रश्न: तांबं घातलं की हा सुपरकंडक्टर होतो हे खरं का?

खरं. २०१० मध्ये दिसलं, ढिल्या थरांच्या मधल्या फटीत तांब्याचे अणू सरकवले की ३.८ केल्विनच्या खाली रेझिस्टन्स जातो. तांबं फटीत बसलं तर इलेक्ट्रॉन देतं, बिस्मथच्या जागी बसलं तर उलट घेतं, त्यामुळे ते नेमकं कुठे बसलंय यावर सगळं अवलंबून, आणि म्हणून दोन लॅबचे नमुने सहसा जुळत नाहीत. स्ट्रॉन्शियम आणि नायोबियम घालूनही सुपरकंडक्टर मिळतो. तापमान काही फार नाही, पण जपानमधल्या २०१६ च्या मोजणीत असं दिसलं की सुपरकंडक्टर झाल्यावर तो थरातली एक दिशा स्वतःच निवडतो, जरी क्रिस्टलला तीन दिशा सारख्याच असल्या तरी. हे फार थोड्या पदार्थांत दिसतं.

प्रश्न: चिनी शास्त्रज्ञांच्या नव्या ट्रान्झिस्टरच्या बातमीत "बिस्मथ ऑक्सिसेलेनाइड" असं वाचलं. हेच का ते?

नाही. त्यात ऑक्सिजन आहे, दोन बिस्मथ, दोन ऑक्सिजन, एक सेलेनियम, आणि रचना वेगळी. तो नीट वागणारा सेमीकंडक्टर आहे, गॅप ०.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट, पेकिंग विद्यापीठात पेंग यांच्या गटाने २०१७ मध्ये त्याचे पातळ ट्रान्झिस्टर बनवले. त्याचा मोठा फायदा म्हणजे सिलिकॉनसारखा त्याचा स्वतःचा चांगला ऑक्साइड थर त्याच्यावरच वाढवता येतो. टोपोलॉजीशी त्या बातमीचा संबंध नाही.

प्रश्न: निसर्गात सापडतो का? आणि एमएस्सीच्या प्रोजेक्टला यावर काही करायचं असेल तर कुठून सुरुवात करू?

सापडतो. मेक्सिकोतल्या ग्वानाह्वातोवरून नाव पडलेलं ग्वानाह्वातुआइट हे खनिज बिस्मथ सेलेनाइडच आहे, पण त्याची रचना वेगळी, थरांचं जे रूप आपण बोलतोय ते त्याच्या जोडीने सापडणाऱ्या पॅराग्वानाह्वातुआइटचं. आणि मघाशी सांगितलेल्या टेल्युरियम मिसळलेल्या रचनेचं खनिज म्हणजे कावाझुलाइट, चेक प्रजासत्ताकातल्या खाणीतला त्याचा तुकडा २०१३ मध्ये तपासला तेव्हा तो जमिनीतूनच टोपोलॉजिकल इन्सुलेटर म्हणून आलेला निघाला.

प्रोजेक्टचं म्हणाल तर आधी हॉल मेजरमेंट (चुंबकात ठेवून मोकळे इलेक्ट्रॉन किती ते काढायची पद्धत). क्रिस्टल हातात आला की लगेच टोपोलॉजीच्या गप्पा सुरू करू नका, मोकळे इलेक्ट्रॉन किती आहेत ते मोजा, थंड करत जाताना रेझिस्टन्स कमी होतोय की वाढतोय ते बघा. कमी होत असेल तर आतला करंट जोरात आहे आणि तुमच्या बाकीच्या सगळ्या ग्राफवर त्याचाच शिक्का असणार. पेपर वाचतानाही हेच करा, "पृष्ठभागाचा परिणाम दिसला" असं लिहिलं असेल तर जाडी किती आणि कॅरियर (वीज वाहणारे मोकळे इलेक्ट्रॉन) किती हे दोन आकडे शोधा, ते दिलेच नसतील तर पुढचा पेपर घ्या. मोजायला उपकरण नसेल तर चिकटपट्टीने पापुद्रे काढून मायक्रोस्कोपखाली पायऱ्या बघणं आणि रामन स्पेक्ट्रम (विखुरलेल्या लेझर प्रकाशातून अणूंची कंपनं ओळखणं) घेणं एवढ्यातही चांगलं सहामाही काम होतं, फक्त मास्क आणि ग्लोव्ह्ज घालून.